पावसाची गाणी, पण उतरवलेली पौषात : आत्याच्या वहीचं कोडं

ओढ्याकाठी (सातारा)

गेल्या महिन्यात घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आत्याची वही सापडली. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. उभं आयुष्य माण तालुक्यातल्या आमच्या गावी शिवणकाम करण्यात गेलं, शेवटची काही वर्षं आमच्याकडं साताऱ्यात.

वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. १९६४ साली आजोबांनी ट्रान्झिस्टर आणला, तेव्हापासून १९७२ पर्यंत रेडिओवर ऐकून उतरवलेली गाणी तिच्यात आहेत. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना ठाऊक असेल, गाणं तीन मिनिटांत संपतं आणि हात काही तेवढा पळत नाही. मग सुटलेल्या शब्दापुरती जागा कोरी सोडायची आणि 'आपली आवड'मध्ये तेच गाणं परत कधी लागतंय त्याची वाट बघायची. त्यामुळं निळ्या ओळीत मधेच एक हिरवा शब्द, दुसरीकडं जांभळा. काही जागा कोऱ्याच राहिल्यात.

एकूण १०७ गाणी. बहुतेक विरहाची, आणि त्यातल्या ८१ गाण्यांत पाऊस आहे. ढग, सरी, श्रावण, चिंब वगैरे सगळं. आता कोडं असं की आत्यानं प्रत्येक गाण्याखाली काळ लिहिलाय, आणि तो इंग्रजी तारखेत नाही. "म्हसवडचा रथ झाल्यावर", "पौष, कडाका", "शिंगणापूरच्या जत्रेआधी", असा. मृगापासून दिवाळीपर्यंत उतरवलेलं एकही गाणं नाही. आठ वर्षांत एकही नाही!

म्हणजे भर पावसाळ्यात पावसाची गाणी नाहीत आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत रिमझिम. काय असेल?

---

तंबोरा_मिरज

सोपं आहे हो. पावसाळ्यात पेरणी, खुरपणी, भांगलण. वही धरायला वेळ कुणाला? शिवाय विजा चमकायला लागल्या की रेडिओ नुसता खरखरतो, शब्द कळतच नाही. आणि सेल किती महाग होते तेव्हा! आमच्याकडं बातम्यांपुरताच रेडिओ लागायचा.

काव्य नंतर शोधा, आधी सेल तपासा. :)

---

ओढ्याकाठी

तंबोरा, हे पटण्यासारखं आहे. पण शिवणाचं काम पावसाळ्यात उलट कमीच असायचं, लगीनसराई संपलेली. आणि वेळ मिळाला तेव्हा उतरवलं असं धरलं, तरी पौषात पावसाचीच का?

---

हळदीचं_पेव (सांगली)

फार सुंदर धागा. माझं मत जरा लांबण लावून सांगतो, सवय आहे.

विरहाच्या गाण्यात ऋतू येतो तो शोभेला येत नाही. मुळात ते वेळापत्रक होतं. जुन्या काळी व्यापारी, कारागीर, शिपाई सगळे कोरड्या दिवसांत बाहेर पडायचे. पाऊस लागला की नद्या उतरता येत नाहीत, गाड्या रुततात, म्हणून त्याआधी घर गाठायचं. भिक्खूसुद्धा वर्षावासाला एका जागी थांबायचे. कराडजवळची आगाशिवची लेणी पाहिलीत तर त्या मुक्कामाचा अंदाज येतो. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, 'पथिक' आणि त्याची घरी राहिलेली बायको पुन्हा पुन्हा येतात. ती ढग पाहून का घाबरते? कारण ढग म्हणजे मुदत संपली. जो यायचा तो एव्हाना यायला हवा होता. आता चार महिने वाट बंद.

मेघदूतात तर हिशेब उघड मांडलाय. यक्ष ढगाला सांगतो की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल, तोवर उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो प्रबोधिनीला, कार्तिक शुद्ध एकादशीला. म्हणजे यक्षाचा विरह आणि आपल्या वारकऱ्यांचा चातुर्मास एकाच पंचांगातले. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, पुढं तरडगाव, फलटण. तेव्हा डोक्यावर जो ढग असतो, तोच हा!

(अवांतर: आषाढाच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर कार्तिकी एकादशीला चार महिने दहा दिवस होतात. म्हणून काही जण 'प्रथमदिवसे' ऐवजी 'प्रशमदिवसे' असा पाठ धरतात, म्हणजे आषाढाचा शेवटचा दिवस. पण मग साडेतीन महिनेही पुरते भरत नाहीत. यक्ष हिशेबात कच्चा होता, एवढंच म्हणतो आणि थांबतो. आधीच कर्तव्यात चुकला म्हणून शाप मिळालेला.)

---

सज्जनगड_पायथा

+१. आत्यांच्या वहीला नमस्कार.

---

फड_वाळवा

पेवदादा, वेळापत्रकाचा मुद्दा लाख मोलाचा. पण संस्कृतातलं वेळापत्रक आणि लावणीतलं एक नाही.

पेशवाईतला शिपाईगडी कधी निघतो? दसऱ्याला. सीमोल्लंघन करून मोहिमेवर. म्हणजे घरात ताटातूट सुरू होते ती शरदात, चांदणं टिपूर पडायला लागल्यावर. मार्गशीर्ष, पौषाची थंडी तिनं एकटीनं काढायची, फाल्गुनात रंग खेळायला तो नाही, चैत्रात पालवी फुटली तरी नाही. बारमाशी लावणीतली बाई एकेक महिना मोजत जाते ती यासाठी. आणि आषाढाच्या तोंडाला लष्कर परत.

पण परतलं नाही तर? 'छावणी' शब्द आता आपण गुरांच्या चारा छावणीला वापरतो, तेव्हा तो पावसाळ्याच्या मुक्कामाला होता. लष्करानं परमुलखात छावणी केली की समजायचं, यंदा तो येत नाही. पानिपतचं लष्कर १७६० च्या मार्चमध्ये निघालं आणि त्या वर्षीचा सगळा पावसाळा उत्तरेतच गेला. १४ जानेवारी १७६१ ची बातमी पोचायच्या आधी एक अख्खा पावसाळा घराघरांत कसा गेला असेल, कल्पना करा.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५). जन्मानं कुलकर्णी, फडावर गेले ते गेलेच. तमाशाचा फडसुद्धा दसऱ्यानंतर बाहेर पडतो आणि पावसाळ्याला घरी येतो, हे लक्षात घ्या. त्यामुळं लावणी लिहिणारा, गाणारी आणि ऐकणारा शिपाई या तिघांचं घराबाहेर असण्याचं वर्ष एकच! म्हणून ती झोंबते.

---

नवकवी_कराड

लांबलचक प्रतिसादांचा आदर आहे, पण एक विचारू? हे सगळं तेव्हाचं. आता सातारा-मुंबई पाच-सहा तासांत होतं आणि व्हिडिओ कॉल लागतो. तरी रीलवर प्रत्येक ब्रेकअपच्या गाण्यात पाऊस पडतोच. कृत्रिम फवारा मारलेला पाऊस. वसंत, कोकिळा, चांदणं, सगळं उसनं. ज्यांनी आंब्याचा मोहर फक्त फोटोत पाहिलाय ते मोहरावर लिहितात.

मला वाटतं विरहाला ऋतू लागतच नाही.

---

तंबोरा_मिरज

नवकवींशी अर्धा सहमत, आणि पुरावा आमच्या मिरजेचाच देतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी ऐका. विरहाची याहून मोठी ध्वनिमुद्रिका मला माहीत नाही. तिच्यात ढग नाही, कोकीळ नाही, महिना नाही. नुसता सूर लांबत जातो आणि वाट बघणं म्हणजे काय ते कळतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, आजही मिरासाहेबांच्या उरुसात लोक त्यांच्यासाठी येऊन गातात.

तरी अर्धाच सहमत, कारण शब्द ऋतू टाळतो तेव्हा राग तो घेऊन येतो. मल्हार आहे, बसंत आहे. उत्तरेत श्रावणाला कजरी, चैत्राला चैती, फाल्गुनाला होरी, गाण्याचे प्रकारच महिन्यावर पडलेत. आणि तंबोऱ्यालाही ऋतू असतो बरं का. पंढरपूरकडून आलेला भोपळा पुरता वाळलेला नसेल तर वाद्य बोलत नाही. पावसाळी हवेत तारा उतरतात, जवारी (तारेचा घुमारा) बिघडते. आमचे कारागीर श्रावणात वैतागलेले असतात. तो त्यांचा विरह.

---

हळदीचं_पेव (सांगली)

नवकवी, 'उसनं' हा आरोप ज्ञानदेवांवर करून बघा. 'घनु वाजे घुणघुणा' घ्या. विरहिणीच्या तोंडी ढग आहे, वारा आहे, चांदणं, चाफा, चंदन सगळं परंपरेतलं सामान. पण तिथं चंदनाची चोळी अंग पोळते आणि फुलांची शेज आगीसारखी लागते. ऋतू आपलं काम चोख करतोय, तो थंडावा देतोय, आणि तिला मात्र उलटं लागतंय. शेवटी तर आरशात तिला स्वतःचं रूपच दिसत नाही. सामान जुनं असलं म्हणून काय झालं, त्यात माणूस खरा असला की झालं.

जायसीच्या पद्मावतातसुद्धा (१५४०) नागमतीचा बारामासा, म्हणजे बारा महिन्यांचं विरहगीत, आषाढापासूनच सुरू होतो. घरात राणी असून नवरा दुसरीच्या मागं गेलाय आणि ही राजवाड्यात बसून छपराची चिंता करते, गरीब शेतकरणीसारखी! कुणी म्हणेल राणीला गळकं छप्पर कसं? पण आषाढात एकट्या बाईला पहिली काळजी तीच.

---

नवकवी_कराड

बरं, हरलो. पण माझ्या बाजूनं एक नाव टाकतो : मर्ढेकर. आपल्या साताऱ्याचे, मर्ढे गावचे. पहिल्या संग्रहाचं नावच 'शिशिरागम', १९३९ चं. वर्षा नाही, वसंत नाही, थेट पानगळ. महाराष्ट्रात शिशिर म्हणजे इंग्रजी कवितेतल्यासारखा ओकाबोका बर्फाळ नसतो, पण वाई-मर्ढ्याकडच्या रस्त्यावर फेब्रुवारीत सावर, पांगारा बघा. पान एक नाही आणि फूल लालभडक. त्या झाडाकडं बघून रडू का येतं, ते सांगता येत नाही.

---

हळदीचं_पेव (सांगली)

मर्ढेकर मूळचे मर्ढ्याचे, जन्म मात्र खानदेशातल्या फैजपूरचा (१९०९). माहितीसाठी. भांडण नाही.

---

सज्जनगड_पायथा

कासचं कुणीच कसं म्हणालं नाही? विरहाच्या गाण्यात टोपली कारवी यायला हवी. सहा वर्षं नुसतं हिरवं टोपलीसारखं झुडूप, आणि सातव्या वर्षी सगळं पठार जांभळं. एकदा चुकली की पुन्हा सात वर्षं. आणि तिच्या शेजारीच तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस! एकाच पठारावर दोन्ही तऱ्हेची माणसं.

गीतकारांनो, फुकट देतोय, घ्या.

---

फड_वाळवा

पायथेकर, तेरडा घेतला. कारवी तुमच्याकडंच ठेवा, सात वर्षं थांबणारा नायक आता कोण ऐकणार.

---

बनूमावशी (दहिवडी)

सूनबाईकडनं लिहून घेतीय, चुकलं तर संभाळा. सगळं वाचून दाखवलं मला तिनं. तुमी लई शिकलेली माणसं, पर एक गोष्ट कुणालाच दिसली न्हाई.

तुमी समदे पाऊस म्हंजे ताटातूट असं धरून चाललाय. ते महाबळेश्वराकडलं, पाटणाकडलं. तिकडं पाऊस लागला की माणूस घरात कोंडतंय, वाटा बंद व्हत्यात. आमच्या माणात पाऊस म्हंजे माणूस घरला येतंय.

इकडं दसरा-दिवाळी झाली की गाव रितं व्हतंय. धनगराची मेंढरं घाट उतरून कोकणात जात्यात, कुणी कृष्णंकडं जातं. ऊस तोडाय कोयते निघत्यात. खानापूर-आटपाडीकडलं सोनं-चांदी गाळणारं गलाईवालं कुठं कुठं परमुलखात, आमच्यातलं मुंबईला. मागं म्हातारी आन पोरं. कोकणात धो धो पाऊस मेंढरांस्नी सोसत न्हाई, म्हणून मिरगाच्या आत वाडा माघारी. पेरायला समदी येत्यात. मिरगाला गाव भरतं.

जात्यावर आमच्या आईची ववी हुती :

*आबाळ ग उठलं, सीताबाईच्या डोंगरावरी*
*कंथ माजा वाटंला, घोंगडी खांद्यावरी*

त्यो तुमचा यक्ष ढगाकडं सांगावा धाडतुया. आमाला सांगावा धाडायचं काम न्हाई. ढग हाच सांगावा.

तवा तुमच्या आत्यानं पौषात पावसाचं गाणं लिवलं, त्यात नवल काय? पौषात कोण आठवंल, आणि काय आठवंल? पाऊस लागल्यावर मग गाणं कशाला लिवायचं.

---

हळदीचं_पेव (सांगली)

मावशी, साष्टांग दंडवत. पन्नास वर्षं मेघदूत वाचतोय, हे कधी सुचलं नाही.

जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणला पाचशेच्या आतबाहेर. एकाच ढगाचे दोन अर्थ होणारच. ग. दि. माडगूळकर जन्मले शेटफळ्याला, आटपाडी तालुक्यात (१९१९). तो तर तुमच्याहून कोरडा मुलूख. आता त्यांची पावसाची गाणी या कानानं पुन्हा ऐकावी लागणार.

---

तंबोरा_मिरज

सेलची थिअरी मागे घेतो.

---

नवकवी_कराड

मावशी, "ढग हाच सांगावा" ही ओळ मी चोरली तर चालेल?

---

बनूमावशी (दहिवडी)

घे की लेकरा. माझ्या बापाची हाय व्हय ती.

---

ओढ्याकाठी

दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती ऐकत राहिली, मग उठून आत गेली. आईला काही माहीत असावं. मी विचारलं नाही. आमच्या घराची तीच रीत.

वही पुन्हा पहिल्यापासून पाहिली. आधी मी फक्त गाणी मोजली होती, यावेळी काळ बघत गेलो. प्रत्येक वर्षाचं पहिलं गाणं म्हसवडच्या रथानंतर आठ-पंधरा दिवसांतलं आहे. म्हणजे मार्गशीर्षात कुणीतरी गाव सोडायचं. कोण, काय करणारा, मेंढका की मुंबईकर की आणखी कुणी, त्याचा मागमूस नाही. वैशाखातली गाणी सगळ्यात जास्त, एकेका आठवड्यात तीन-तीन. अक्षर घाईचं. ज्येष्ठ लागला की थांबलं. सहा महिने कोरे, मग पुन्हा रथ.

कोऱ्या सोडलेल्या जागाही पाहिल्या. सुटलेला शब्द भरायला दुसरी शाई वापरली आहे, आणि काही शब्द तरी पावसाळ्यात लागलेल्या गाण्यातून मिळाले असणार. म्हणजे रेडिओ चालू होता, तंबोरा. सेल होते.

१९७२ चं शेवटचं गाणं वैशाखातलं. त्यानंतर एक पान सोडून, मधोमध, गाणं नसलेल्या दोनच ओळी आहेत. ते सुटे शब्द सोडले, तर आठ वर्षांत पावसाळ्यात लिहिलेलं एवढंच :

*तरणा गेला.*
*म्हातारा लागला.*

पुढची पानं कोरी आहेत. मी मोजली नाहीत.

---

फड_वाळवा

बाप रे.

---

सज्जनगड_पायथा

मी शहरात वाढलोय, मला कळलं नाही. तरणा, म्हातारा कोण?

---

हळदीचं_पेव (सांगली)

पावसाची नक्षत्रं. पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून पुढचे पंधरा दिवस. त्यानंतर पुष्याचा, तो म्हातारा. शेतकरी सहज बोलतात, "तरणा गेला, म्हातारा लागला, अजून वापसा नाही."

एवढाच अर्थ आहे. आणि एवढाच नाहीही.

---

बनूमावशी (दहिवडी)

भात्तर साली तरण्यात चार थेंब पडलं न्हाईत, म्हाताऱ्यातबी न्हाईत. पेरा झालाच न्हाई, मग पेरायला घरला कोण येतंय. जी बाहेर हुती ती तिकडंच ऱ्हायली, जी घरी हुती तीबी गेली. आमी सडकंच्या कामावर खडी फोडत हुतो, सुकडी खाऊन. त्या साली गेलेली माणसं कैक जण पुन्हा दिसली न्हाईत. मेली न्हाईत, तिकडचीच झाली.

आत्याबाईंची वही उन्हात घालू नगा. दौतीची शाई उडती.

---

ओढ्याकाठी

नाही घालत, मावशी. फडक्यात गुंडाळून ठेवलीय.